एकोणिसावा गडी

"पांढरा सदरा अंगात चढला की माणसाला गाव उरत नाही," असं जेबेझ ट्रेविन एकदा म्हणाला होता.

तो बारा वर्षं आमच्या रेड गली गावाच्या संघाकडून फुटबॉल खेळला, हातांनीही चेंडू धरायचं ते ऑस्ट्रेलियन फुटबॉल. पुढच्याच्या खांद्यावर गुडघा रोवून हवेतून चेंडू काढायचा. मग तोच गुडघा गेला आणि तो पांढरा सदरा घालून पंच झाला. लोक ओरडत, "आंधळ्या, नवरदेवासारखा नटून कुठं निघालास?" तो वळून बघत नसे.

त्या वर्षी अंतिम सामन्याच्या पंचाची गाडी चुकली. दोन्ही कप्तानांनी जेबेझलाच उभं केलं. आमचा कप्तान त्याचा धाकटा भाऊ डिगरी. नाताळाला खाण बंद होऊन गाव पांगणार होतं. करंडक मिळायचा तर त्याच दुपारी.

नियम असा, की मैदानात एका बाजूचे अठरा. समोरच्या कप्तानाने मागितली तर पंच मोजणी करतो, आणि एक जरी जास्त निघाला तर त्या बाजूचे तोवरचे सगळे गुण पुसले जातात. कुणी मागितल्याशिवाय मात्र पंचाने चकार शब्द काढायचा नाही.

आमचा लव्हडे खाणीतून वर यायचा होता, म्हणून त्याच्या जागी मला घेतलं. सामन्याच्या शेवटच्या भागात तो तसाच चिखलाने माखलेला मैदानात धावत आला. मी बाहेर जायचं होतं. पण चेंडू माझ्याकडेच येत होता, आणि आम्ही चार गुणांनी पुढे होतो. मी थांबलो.

जेबेझची नजर आमच्यावरून फिरली. ओठ किंचित हलले. माझ्यावर येऊन ती थांबली, मग चेंडूकडे गेली. मी हललो नाही.

सामना संपायच्या घंटेला थोडाच वेळ उरला असताना समोरच्या कप्तानाने मोजणी मागितली. आम्ही रांगेत उभे राहिलो. जेबेझ एकेकाच्या छातीला बोट लावत आला. डिगरीलाही तसंच लावलं. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "एकोणीस."

फळ्यावरचा आमचा आकडा पुसला गेला.

नंतर कपडे बदलायच्या खोपटात कुणी बूटही सोडले नाहीत. जेबेझ कोट न्यायला आला. चुलीपाशी डिगरीच्या बायकोने त्याच्यासाठी ठेवलेली खिमा-बटाटा भरलेली पेस्टी तशीच होती.

"दादा," डिगरी हळूच म्हणाला, "तुला आधीच दिसलं होतं. नुसती मान हलवली असतीस, तर हे गाढव बाहेर गेलं असतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. जेबेझ बघत नव्हता. त्याने पांढऱ्या सदऱ्यावर कोट चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि लंगडत बाहेर पडला.