ठेक्यावर पाळलेलं मौन

माझ्या पुतणीच्या हळदीत पाहुण्यांनी डीजेच्या ठेक्यावर दोन मिनिटं मौन पाळलं. तो डीजे मी होतो.

मी मूळचा मराठीचा शिक्षक. बोर्ली पंचतनच्या शाळेतून निवृत्त झालो आणि दिघीच्या अलीकडे आमच्या गावी, धाकट्या भावाच्या, म्हणजे मिलिंदच्या शेजारी घर बांधून राहिलो. आवाज असा की वर्गात मी शिकवायला लागलो की मागच्या बाकावरून 'सर, जरा मोठ्याने' यायचं. नाचणं, गाणं, लोकांत मिसळणं ही सगळी खाती माझ्या बायकोकडे होती. शालन कुणाच्या हळदीला गेली की आधी नवरीला हळद लावायची, मग पदर खोचायची, आणि मग तिला घरी आणायला माणूस पाठवावा लागायचा. (तो माणूस मीच. मी मांडवाच्या कोपऱ्यात पुस्तक वाचत थांबायचो.) गेल्या पावसाळ्यात ती गेली. तेव्हापासून घरात इतकी शांतता झाली की वाचनात लक्ष लागेना!

तशात पुतणीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलं. मिलिंद माझ्यासमोर येऊन बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, हळदीला डीजे न्हाय लावत. वैनीला जाऊन वर्ष न्हाय झालं. बरं दिसत न्हाय."

"अरे, आपल्यात सुतक कुठे पाळतात?"

"सुतक न्हाय रे. पण लोक काय म्हणतील?"

आमच्या वाडवडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा सुतक, पातक, सगळं सोडलं. 'लोक काय म्हणतील' एवढं मात्र सोडायचं राहून गेलं.

"आणि आक्का?" मिलिंद पुढे म्हणाला. "त्या तर मांडवातच आपल्याला उभं-आडवं घेतील."

आक्का म्हणजे शालनची थोरली बहीण. खाडीपलीकडे आगरदांड्याला राहतात. त्या रागावल्या की त्यांचं बोलणं ऐकायला फोन कानाला लावावा लागत नाही.

प्राजक्ता दारातच उभी होती. "नको तर नको, काका. गाण्यांशिवायपण हळद होते," ती म्हणाली आणि मागे जाऊन घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला बसली. तिने आणि तिच्या काकीने या हळदीसाठी आमच्या स्वयंपाकघरात एक नाच बसवला होता. त्या सरावापायी माझा चहा कितीदा उतू गेला आणि मी कितीदा कुरकुरलो! भांड्यांचा तो आवाज ऐकत मी ठरवलं, ही पोरगी हळदीत नाचली पाहिजे.

पण कशी? मी विचार केला. (मला दुसरं येतं काय?) मी मांडवात बसलो, तर माझ्या तोंडाकडे बघून कुणी नाचणार नाही. नाही बसलो, तर 'बिचाऱ्याला बाजूला ठेवलं' म्हणतील. एकच मार्ग उरला. ज्याच्या दुःखाला मान द्यायचा, त्यानेच गाणी लावायची. मग कोण कशाला बोलेल?

"तू? डीजे?" मिलिंदने विचारलं. मग हळूच म्हणाला, "दादा, तुला रात्री झोप लागते ना?"

मुलाने घेऊन दिलेला लॅपटॉप घरात होताच. त्यात मी डीजेचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि त्याची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. कुठलीही गोष्ट आधी पूर्ण वाचून मग करायची, ही माझी सवय. सायकल मी अशीच शिकलो. म्हणून ती मला अजून येत नाही.

पडद्यावर दोन तबकड्या दिसतात. एकीवर चालू गाणं, दुसरीवर पुढचं. पुढचं गाणं आपण एकट्याने हेडफोनमध्ये ऐकायचं, दोन्ही गाण्यांचा वेग सारखा करायचा आणि मधली पट्टी हळूच सरकवायची, की गाणं कधी बदललं ते नाचणाऱ्याला कळत नाही. वाचायला किती सोपं! पहिल्या दिवशी मी एका कोळीगीताचा वेग एका अंगाईगीताशी जुळवला. मिलिंद कुंपणापलीकडून ओरडला, "दादा, गाणाऱ्याला ताप आलाय काय?" दुसऱ्या दिवशी उलट केलं. त्या वेगाने पाळणा हलवला असता तर मूल थेट खाडीत पडलं असतं! पण प्राजक्ता कुंपणाशी येऊन पोट धरून हसली, आणि मी सराव चालू ठेवला.

हळदीच्या दिवशी माणगावहून दोन कपाटाएवढे स्पीकर आले. आणणाऱ्याने ते मांडवाच्या पुढच्या टोकाला, गावाकडे तोंड करून उभे केले, लॅपटॉपला वायर जोडून दिली आणि माझ्याकडे एकदा नीट बघून तो घाईने निघून गेला. मी मागच्या टोकाला टेबलाशी बसलो. इस्त्रीचा पांढरा सदरा, कानांवर हेडफोन.

डीजेने श्रोत्यांशी संवाद साधावा, असं पुस्तिकेत होतं. म्हणून मी लॅपटॉपचा माइक चालू केला, आवाज घुमावा म्हणून त्यावर 'इको' लावला आणि म्हणालो, "आजच्या या मंगलप्रसंगी आपण सर्वांनी मनमोकळेपणाने नाचावे, ही नम्र विनंती." 'विनंती, विनंती, विनंती' करत ते वाक्य खाडीपर्यंत गेलं. मी समाधानाने गाणं सुरू केलं. माइक बंद करायचा असतो, हे बहुधा पुढच्या पानावर होतं.

हे तुम्हाला आत्ता कळलं. मला कळायला बराच वेळ लागला.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याचं माणूस गेलंय तो पहिल्यांदा भेटला की आधी त्याबद्दल दोन शब्द बोलायचे. मग तो बाजारात भेटो, एसटीत भेटो, नाहीतर डीजेच्या टेबलाशी! गाणं सुरू झालं तशी माझ्यापुढे रांग लागली.

"गुरुजी, लय वाईट झालं," पहिले गृहस्थ माझा हात धरून म्हणाले. मी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि मान हलवली. तिकडे स्पीकरमधून दणदणीत ठेक्यावर गावाला ऐकू गेलं: 'वाईट झालं, झालं, झालं!'

मग दिघीचे मासळीवाले हसनभाई आले. "सर, भाबी लय भली बाय होती. अल्लाचे मर्जीपुढं कोनाचा काय चालत न्हाय."

'चालत न्हाय, न्हाय, न्हाय!'

काहीतरी घुमतंय असं मला वाटत होतं. पण मोठ्या आवाजापाशी कान दडतात, हेही मी वाचलेलं होतं. समोर पाहिलं तर खुर्च्यांवरचे लोक दर थोड्या वेळाने एकदम माना खाली घालत. मला वाटलं, लाजताहेत. एक-दोन गाण्यांत उठतील. मधोमध पाटावर प्राजक्ता हळदीने पिवळी होऊन बसली होती. ती तोंडावर हात दाबून थरथरत होती. रडतेय की हसतेय ते कळेना, म्हणून मी ठेका आणखी वाढवला.

एवढ्यात शेजारच्या वत्सलाबाई आल्या. टेबलावर (म्हणजे नेमक्या माइकवर) वाकल्या आणि कुजबुजल्या, "गुरुजी, मनात हाय ते बोलते. शालनताईंचं मोठं पातेलं माझ्याकडंच हाय. त्या शोधीत आल्या तवा मी न्हाय म्हनले. आता त्याच न्हाईत. परत देऊ, का ठेवू?"

'ठेवू, ठेवू, ठेवू!'

चुलीपाशी काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि मिलिंदची बायको पळी घेऊन मांडवात आली. "आणि मी सकाळधरनं भातासाठी दारोदार पातेलं मागत फिरतेय!"

हेडफोनमुळे मला तिची नुसती पळी दिसली. मला वाटलं, चला, कुणीतरी नाचायला आलं!

इतकं दुःख स्पीकरवरून जाहीर झाल्यावर तुकारामदादांना राहवेना. गावातल्या प्रत्येक शोकसभेत तेच पुढे असतात. ते उठले, हात वर करून काहीतरी म्हणाले, आणि सगळा मांडव उभा राहिला.

उभे राहिले! एकदाचे उभे राहिले! मी आनंदाने आवाज शेवटपर्यंत नेला. आता नाचतील, मग नाचतील, म्हणून बघतोय, तर सगळे हात जोडून, मान खाली घालून स्तब्ध. मांडवाचे बांबू थरथरताहेत, टेबलावरचे ग्लास सरकताहेत, स्पीकर धडधडताहेत, आणि साठ-सत्तर माणसं मौन पाळताहेत! एका म्हाताऱ्याच्या पायाचा अंगठा तेवढा ठेक्यावर हलत होता. त्यालाही त्याच्या बायकोने कोपर मारलं.

त्याच वेळी आक्का आल्या. फेरीबोटीतून उतरून तरातरा चालत त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या. मिलिंदने डोळे मिटून घेतले. मी हेडफोन काढला. "आक्का, मी तुम्हाला विचारणार होतो..."

"भावोजी, कोन ती वत्सला? कसलं पातेलं? धक्क्यावर उतरल्यापासनं ऐकतेय मी! अख्खी खाडी ऐकतेय!"

आणि मग मला माझाच श्वास स्पीकरमधून ऐकू आला. माइकचं बटण कुठे, माइकचं बटण कुठे, म्हणत मी पडद्यावर मिळेल तिथे बोटं मारायला लागलो. तोवर आक्का मांडवाकडे वळल्या होत्या.

"आनि तुमी काय पुतळे झालाय? हळदीत कुनी मौन पाळतं? बहीण माझी गेलीय. पाय तुमचे गेले का?"

नेमकं तेव्हाच मी एक बटण दाबलं. ते माइक बंद करण्याचं नव्हतं. शेवटचं जे ऐकू आलं ते पकडून पुन्हा पुन्हा वाजवण्याचं होतं.

'पाय तुमचे गेले का! पाय तुमचे गेले का! पाय तुमचे गेले का!'

आणि ठेक्यात असं चपखल बसलं म्हणता! इतके दिवस घाम गाळून मला दोन गाणी जुळवता आली नव्हती. आक्का पहिल्या झटक्यात जुळल्या.

मग पाटावरून एक मोठं हसू फुटलं. प्राजक्ता उठली. हळदीच्या हातांनी तिने आक्कांना मधोमध ओढलं आणि स्वयंपाकघरात बसवलेला तो नाच सुरू केला. "अगं, साडी! साडी!" म्हणता म्हणता आक्कांनी पदर खोचला. अगदी शालनसारखा. मी चष्मा पुसेपर्यंत सगळा मांडव नाचत होता. वत्सलाबाई घरी पळाल्या आणि पातेलं डोक्यावर घेऊन नाचतच परत आल्या. तुकारामदादाही नाचले, फक्त हात त्यांनी सवयीने जोडलेलेच ठेवले होते.

मी निवडून आणलेलं दुसरं गाणं लावून पाहिलं, तर मांडव ओरडला, "न्हाय! आक्का लावा, आक्का!" सगळी संध्याकाळ ते एकच वाक्य वाजलं.

दुसऱ्या दिवशी लग्नात माणगावचे एक पाहुणे डीजेची चौकशी करत होते. त्यांच्या मुलाची हळद जवळ आली होती. मिलिंदने माझ्याकडे बोट दाखवलं. मी सदरा नीट केला आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "हो, मी मोकळाच असतो."

"तुम्ही कशाला, गुरुजी?" ते म्हणाले. "त्या आक्का मोकळ्या आहेत का?"

"त्याही आहेत," मी म्हणालो. "मग माझं काय?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुम्हीपण या की सोबत. नको ते बटण दाबायला कुणीतरी लागेलच!"