गालिच्यातली हळद

डॉक्टरांनी आत्याची छाती तपासली, कानातली नळी काढून गळ्यात अडकवली आणि पायाखाली बघत म्हणाले, "हा गालिचा एकतर नीट धुऊन घ्या, नाहीतर टाकून द्या. सगळा खोकला यातून येतोय." ते हिंदीत बोलत होते. साठ वर्षं कलकत्त्यात काढलेल्या आत्याला हिंदी आणि बंगाली दोन्ही उत्तम कळतं, पण सोयीचं नसेल तेव्हा तिला एकाएकी ऐकू येईनासं होतं. डॉक्टरांची पाठ वळल्यावर मात्र म्हणाली, "गालिचा टाकायचा असेल तर मलाही त्यातच गुंडाळून टाक."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी. तेविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि बाबा तिला साताऱ्याहून आपल्याकडे, बागबाजारच्या घरी घेऊन आले. बाबा तेव्हा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. गालिचाही तिकडूनच आलेला, कुणा जहाजावरच्या अधिकाऱ्याने विकायला काढलेला. कडेला गर्द लाल पट्टा, मधला भाग सायीच्या रंगाचा आणि त्यावर निळ्या वेली. आई म्हणायची, आमच्या घरात तेवढी एकच वस्तू श्रीमंत आहे, बाकीची माणसं आहेत.

बाबा जाऊन खूप वर्षं झाली. आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर बागबाजारचं घर सोडलं आणि मी आत्याला न्यू टाउनला माझ्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. बरोबर गालिचाही आणला, आणि तो का आणला हे इथे सरळ सांगून टाकते. तो मी आईवर सूड उगवायला आणला होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू आई त्या गालिच्यावर करायची. कलकत्त्यात मराठी बायका त्या किती! बदलीवर आलेल्या बँकवाल्यांच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या पाच-सात, आमच्यासारख्या इथेच मुरलेल्या दोन-तीन. मग गल्लीतल्या बंगाली काकीमा आणि बौदी, म्हणजे काकवा आणि वहिन्या, मिळून गालिचा भरायचा. त्यांच्यात कपाळाला हळद लावायची ती लग्नाच्या सकाळी, त्यामुळे आईचं बोट जवळ आलं की त्या हसत सुटायच्या. "आमचं परत लग्न लावताय का गो?" म्हणून एकमेकींना ढोसायच्या. एक तर दरवर्षी म्हणायची, आधी बर्गी, म्हणजे तुमचे मराठे स्वार, लुटायला यायचे, आता घरी बोलावून हळद लावतात. नोलेन, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळात केलेल्या तिळाच्या लाडवांचा वास घरभर असायचा. आणि आत्या? आत्या स्वयंपाकघरात बशा भरत असायची. विधवा ना ती. बाहेर यायची नाही.

सोळाव्या वर्षी मला ते सहन झालं नाही. आई मला हळद लावायला वाकली तेव्हा सगळ्या बायकांदेखत मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आधी आत्याला बाहेर बोलाव. नाहीतर मला लावू नकोस. तुझ्यासारखी दुष्ट बाई मी पाहिली नाही." आई चिमटीत हळद धरून तशीच वाकलेली राहिली. एका अक्षराने बोलली नाही. नंतरही नाही. पुढची तेहेतीस वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी मी घराबाहेर राहायचे. एरवी आमच्यात अबोला वगैरे नव्हता, भाजी काय आणायची इथपासून निवडणुकीपर्यंत सगळं बोलायचो. तिच्या आजारपणात मी रात्रंदिवस उशाशी होते. पण मी तिला माफ केलेलं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

म्हणून तो गालिचा मी आणला, दिवाणखान्यात अंथरला आणि आत्याला बरोब्बर मध्यभागी खुर्ची टाकून बसवलं. म्हटलं, बस आता इथे, कोण उठवतं बघते! पण पाहावं तर संध्याकाळपर्यंत खुर्ची सरकत सरकत कोपऱ्यात गेलेली असायची. मी पुन्हा मध्ये आणायचे, ती पुन्हा कोपरा गाठायची. विचारलं तर म्हणायची, "सवय गं." त्या सवयीचंही पाप मी आईच्याच माथी मारलं. असा गालिचा मी टाकून देणार होते थोडीच!

तर मी वाफेचं यंत्र भाड्याने मागवलं. पौषातला रविवार होता, कोरडी थंडी आणि भरपूर ऊन, वाळवायला याहून चांगला दिवस नाही. यंत्र आणून देणाऱ्या माणसाने दारातच सगळं समजावलं. एका टाकीत गरम पाणी आणि औषध, दुसरी टाकी रिकामी. दांड्याचं बटण दाबलं की ब्रशमधून वाफ आणि गरम पाणी लोकरीत जातं, दांडा मागे ओढला की तेच पाणी मळ घेऊन दुसऱ्या टाकीत येतं. "दाबा, पुढे. सोडा, मागे. बास," म्हणून तो गेला. आत्याला मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसवलं, तोंडाला ओढणी बांधून दिली. ती म्हणाली, "साठ वर्षांत पहिली आंघोळ. बिचाऱ्याला सर्दी नाही झाली म्हणजे मिळवली."

खरंच, तो कधी धुतला गेलाच नव्हता. बागबाजारला वर्षातून एकदा गच्चीवर दोरीला टाकून काठीने बडवायचा आणि उन्हात ठेवायचा, एवढंच. पहिल्या दोन ओढींतच टाकीत आलेलं पाणी चहाच्या गाळासारखं काळं होतं. मला हुरूप आला. आणि हुरूप आला की मला शहाणपणा सुचतो. कंपनीच्या त्या सौम्य औषधाने काय होणार, म्हणून मी ते अर्धंच घातलं आणि वर कपड्यांच्या सोड्याची चार चमचे भुकटी पाण्यात ढवळली. आई मसोती त्यातच उकळायची.

मग किती वेळ गेला कोण जाणे. दाबायचं, पुढे. सोडायचं, मागे. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि वाफ त्या उन्हात वर चढत होती, हळूहळू, कसलीच घाई नसल्यासारखी. समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या, मग खिडकीही पुसट झाली. यंत्राची घरघर कानाला सवयीची झाली की त्यामागे काही ऐकूच येत नाही, आणि मग भलतंच ऐकू येतं. मला बागबाजारचा दुपारचा नळ ऐकू आला. लोकर तापली तसे एकेक वास सुटले: आधी धूळ, मग ओल, मग कापूर, आणि सगळ्यांत शेवटी ऊन खाल्लेल्या लोकरीचा वास. मी चार-पाच वर्षांची असताना त्याच वासावर गाल टेकून झोपायचे. निळी वेल नाकाजवळून सुरू व्हायची आणि डोळे मिटेपर्यंत कुठे कुठे जायची. ती वेल आता वाफेखाली पुन्हा निळी होत होती, आणि मी यंत्र ओढत होते की वेलीमागून चालत होते, ते मलाही सांगता आलं नसतं. मला फार बरं वाटत होतं. आई कुठेतरी आतल्या खोलीत आहे आणि हाक मारली तर ओ देईल, असं वाटत होतं.

"अगं, हे काय?" आत्या म्हणाली.

मी यंत्र बंद केलं. वाफ जरा विरली. धुतलेल्या भागात, सायीच्या रंगावर, तांबडे डाग उमटले होते. एक नव्हे, दोन नव्हे, चांगले दहा-बारा. मला वाटलं कडेच्या पट्ट्याचा रंग फुटला. पण पट्टा जागच्या जागी होता. डाग एका रांगेत होते, हात-दीड हाताच्या अंतराने, वळत वळत गेलेले. मी गुडघ्यांवर बसून एकाला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी सातवीच्या वर्गात हळदीचा कागद सोड्याच्या पाण्यात बुडवून दाखवते आणि मुली ओरडतात, "मिस, लाल!" कुंकूसुद्धा असंच करतात, हळदीत चुन्याची निवळी घालून. हे सगळं पाठ असलेल्या बाईने पन्नास संक्रांतींचा गालिचा सोड्यात भिजवला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोकरीच्या बुडाशी बसलेली पिवळी पूड कोणाला दिसत नव्हती, मी तिचं कुंकू केलं.

मला हसू फुटलं. आत्याही हसली, खोकली, पुन्हा हसली. आम्ही बोट दाखवत एकेक जागा ओळखायला लागलो. ही बँकेतल्या मॅनेजरच्या बायकोची, दोन वर्षांत बदलून गेलेली. ही समोरच्या काकीमांची, कारण ही सगळ्यांत मोठी. त्या हसायच्या, डोकं हलवायच्या आणि निम्मी हळद खाली सांडायची. तेवढ्या वाफेत त्या सगळ्याजणी परत येऊन आपापल्या जागी बसल्यात असं मला अगदी खरं वाटलं.

राहिला होता फक्त आत्याचा कोपरा. तिची खुर्ची उचलून मी तिथे यंत्र फिरवलं. ओळखायला मिनिटभरही लागलं नाही. काकीमांच्या डागाच्या दुप्पट मोठा, गडद, जवळजवळ कुंकवाचाच डाग वर आला. तो रांगेत नव्हता. बागबाजारच्या घरात तो कोपरा स्वयंपाकघराच्या दाराला लागून असायचा. तिथे कधी कुणी पाहुणी बसली नाही.

"आत्या, इथे कोण बसायचं?"

आत्याने तोंडावरची ओढणी खाली ओढली. "मी," म्हणाली.

यंत्र बंद होतं, तरी मला त्याची घरघर ऐकू येत राहिली.

"सगळ्या गेल्या की वहिनी मला तिथे बसवायची," ती म्हणाली. "तुला लाडू द्यायला खाली पाठवायची आणि मला हळदीकुंकू लावायची. ओटी भरायची. दरवर्षी, एकही वर्ष चुकवलं नाही. मी पाच मिनिटं ठेवायची, मग पुसून तिथल्या तिथेच झटकायची."

"पण मग चारचौघींत का नाही? तिला कुणाची भीती होती?"

"तिला नाही गं, मला होती. ती पहिल्या वर्षीच मला हाताला धरून बाहेर न्यायला निघाली होती. मीच दाराची चौकट धरून बसले. माझ्या कपाळाला लोकांची दृष्ट लागेल आणि दादाचं काहीतरी वाईट होईल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. नवरा गेला तेव्हा सासरी सगळ्यांनी तेच बोलून दाखवलं होतं ना. तरी वहिनी दरवर्षी तोच हट्ट धरायची. शेवटी एका वर्षी, तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. याच गालिच्यावर झोपली होतीस. मी वहिनीचा हात तुझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, हे कुणाला कळता कामा नये. ती म्हणाली, वन्सं, असल्या शपथा मी मानत नाही. पण पोरीच्या डोक्यावरची शपथ कुठली आई मोडेल?"

मी त्या ओल्या गालिच्यावर बसून राहिले. सोळा वर्षांची मी आईचा हात धरून बसले होते, आणि तो हात माझ्याच डोक्याची शपथ वाहत होता. मी तिला दुष्ट म्हणाले. ती गप्प राहिली, कारण बोलली असती तर माझं काही बरंवाईट होईल ही भीती, न मानणाऱ्या माणसालाही वाटतेच. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ती माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, तिला पश्चात्ताप झालाय.

"तू ऐकलं होतंस? मी तिला बोलले ते?"

"ऐकलं ना. दाराच्या आडच होते."

"आणि ती गेल्यावर? तीन वर्षं झाली, आत्या!"

आत्याने हात मांडीत घेतले. "आयुष्यात माझ्यासाठी भांडलेली तू एकटी," ती म्हणाली. "वहिनीने केलं ते सगळं गुपचूप, तसं मीच करायला लावलं. पण माझ्यासाठी कुणी मोठ्याने भांडलंय, हे मला इतकं आवडलं गं. मला ते सोडवेना. तू इथे आणलंस तेही त्याच मायेने. सांगितलं असतं तर मी कुठे गेले असते?"

गालिच्यातून अजून बारीक वाफ निघत होती. मला रडू येतंय असं वाटलं होतं, पण ते रडू नव्हतं.

आत्याने ते ओळखलं. ती सोफ्यावरून उतरली, हळूहळू ओल्यातून चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "रागाव," म्हणाली. "तिच्यावर इतकी वर्षं रागावलीस, तो राग माझ्या वाटणीचा होता. आता माझ्यावर रागाव. मी अजून आहे."

मग मी रागावले. अकराव्या मजल्यावर, खिडक्या सताड उघड्या असताना, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आत्या उभी राहून ऐकत होती, आणि एकदाही तिला ऐकू येईनासं झालं नाही.