रिकामा स्पाइक गार्ड

रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी काकू टेबलाखाली वाकायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि स्पाइक गार्डमध्ये डोकावायच्या. गार्ड म्हणजे चार प्लग लावायचा तो पांढरा डबा, घरोघरी टीव्हीमागे धूळ खात पडलेला असतो. काकूंच्या गार्डला मात्र खिडकी होती. वरचं प्लास्टिक बोटभर कापून तिथे त्यांनी पारदर्शक तुकडा चिकटवला होता. त्यातून तीन निळ्या चकत्या दिसायच्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. त्या फुगलेल्या नाहीत, काळवंडलेल्या नाहीत, एवढं पाहून काकू गुडघ्यावर हात देऊन उठायच्या. शेजारी हिरवा दिवा जळत असायचा. त्याच्याकडे त्या बघायच्या नाहीत.

"दिवा काय, कोणीही लावतो," त्या म्हणायच्या.

काकू बिघडलेली सर्किटं दुरुस्त करायच्या. तळमजल्यावर रस्त्याकडेची एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर डाख लावायची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री आणि पन्नास खणांचं औषधांचं असावं तसं कपाट. हे काम त्या मास्तरांकडे शिकल्या. दोन गल्ल्या पलीकडे मास्तरांचं दुकान होतं. शिकवताना मास्तर फारसं बोलत नसत. शिष्याच्या खांद्यावरून वाकून एवढंच विचारत, "डाख कोरडा नाही ना?" वरून चकाकणारा, पण आत तारेला न धरलेला डाख म्हणजे कोरडा डाख. त्याला ते पाप मानत.

मास्तरांचा मुलगाही त्याच टेबलावर शिकला. काकूंपेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणून सगळे त्याला बाळ म्हणायचे. टक्कल पडल्यावरही म्हणत राहिले. हात बरा होता, पण बूड टेकत नव्हतं. मास्तर अंथरुणाला खिळले तसा तो दुरुस्ती सोडून विक्रीला लागला. एकदा त्याने दहा स्पाइक गार्ड काकूंपुढे आणून ठेवले.

"ताई, तू तपास. तुझा शब्द चालतो इथे."

काकूंनी दहाही उघडून पाहिले. प्रत्येकात तीन चकत्या, डाख पक्के. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: 'काकूंनी तपासलेला'. खाली सही. दहा पाहिले आणि सही केली, तीही आकडा न घालता. त्यांच्या आयुष्यातली ही एकच कोरडी गोष्ट. बाळने त्या सहीची स्टिकरं छापून घेतली.

पुढे एका दुपारी वीज गेली आणि परत येताना उसळून आली. अकरा घरांतली मशीनं एका झटक्यात गेली. शेजारच्या शिवणवालीचं भरतकामाचं मशीन गेलं, लाँड्रीवाल्याचं धुलाईचं गेलं. सगळ्यांकडे गार्ड होते आणि सगळ्यांवर सही होती. काकूंनी एक गार्ड करवतीने कापला. आत दोन पट्ट्या, एक हिरवा दिवा. चकती एकही नाही.

"ही चकती एरवी झोपलेली असते," त्यांनी शिवणवालीला सांगितलं. "विजेचा दाब उसळला की पापणी लवायच्या आत जागी होते, उसळीला आडवाट काढून देते आणि मार स्वतः खाते. तुझ्या मशीनला कळतही नाही. प्रत्येक मारात थोडी झिजते, एक दिवस मरते."

"मग?"

"मग नवी घालायची. माणसासारखं थोडंच आहे."

बाळ म्हणाला, दाबच एवढा होता की कोणता गार्ड टिकेल? लोकांनी जळकी मशीनं त्याच्या दुकानासमोर नाही, काकूंच्या दारात आणून ठेवली. लाँड्रीवाला म्हणाला, "सही करायला काही मिळालं असेलच की." काकूंनी ते ऐकून घेतलं. सात महिने खपून एकेक मशीन उभं केलं. मास्तरांकडे जाणं थांबवलं, कारण ते घर बाळचंही होतं. आपल्या गार्डला खिडकी पाडली. आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात करवतीचं नवं पातं कागदात गुंडाळून ठेवलं. त्या पात्याने त्यांनी काहीच कापलं नाही. सहा वर्षं ते तिथेच होतं.

सहा वर्षांनी एका सकाळी बाळ दारात उभा राहिला. हातात मास्तरांचं ऑक्सिजनचं मशीन.

"ताई, बंद पडलंय. कंपनीचा माणूस परवा येईल म्हणतो. बाबा सिलिंडरवर आहेत, तो दोनपर्यंत पुरेल. दुसरा उद्याशिवाय मिळत नाही."

काकूंनी मशीन उघडलं. फ्यूज उडालेला, त्यामागचे दोन भाग फुटलेले. दोन्ही भाग त्यांच्या कपाटात होते.

"कुठल्या गार्डवर होतं?"

बाळ मशीनची वायर बोटाभोवती गुंडाळू लागला.

"बाळ्या, विचारतेय मी."

"सूनबाईने दुकानातला उचलून लावला. तिला काय माहीत."

"तुला तर माहीत होतं." काकूंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. "जा. दुकानात माझ्या सहीचे जेवढे आहेत तेवढे घेऊन ये."

तो पोतं भरून घेऊन आला. काकूंनी खुर्ची दाराच्या उंबऱ्याबाहेर, रस्त्यावर ठेवली. खालच्या खणातून पातं काढलं आणि करवतीला चढवलं.

"बस. काप. आणि जो विचारेल त्याला आत काय आहे ते सांगायचं."

"ताई, बाबा तिकडे..."

"तू काप, मी डाख लावते. दोघं मिळूनच शिकलो ना?"

करवतीचा आवाज ऐकून शिवणवाली आली. मग लाँड्रीवाला आला, आणखी पाचसहा जण थांबले.

"काय चाललंय हे?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

बाळने मान वर केली नाही. "कापतोय."

"आत काय आहे ते सांग त्यांना," आतून काकू म्हणाल्या.

"काही नाही."

"मोठ्याने. त्यांना कमी ऐकू येतं. माझ्या बाबतीत जास्त आलं होतं एकदा."

"आत काही नाही," बाळ म्हणाला. लाँड्रीवाला चपलेकडे बघत राहिला.

सव्वाअकराला काकूंचं काम संपलं होतं. तरी इस्त्री सर्किटावरून फिरत होती. शिवणवाली टेबलाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काकू, इस्त्रीला डाख नाही लागलेला."

"माहीत आहे मला."

"मग द्या ना मशीन त्याला."

"दोनपर्यंत पुरतो सिलिंडर. दीडला देईन. मास्तरांना मी काही होऊ देणार नाही. पण ते याला कळायची गरज नाही."

बाहेर प्लास्टिकचा भुसा बाळच्या मांडीवर साचत होता. हाताला फोड आला होता. येणारा जाणारा विचारत होता आणि तो सांगत होता. एकाला दोनदा सांगावं लागलं. काकू मधेमधे खिडकीतून बघायच्या, घाईत नसलेल्या माणसासारख्या. सहा वर्षांत त्यांचा चेहरा इतका निवांत कोणी पाहिला नव्हता.

साडेबाराला बाळचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

"सिलिंडरचा काटा लाल भागात आलाय. बाबांना धाप लागली म्हणून सूनबाईने चावी वाढवून दिली."

काकूंची इस्त्री स्टँडवर गेली. हा हिशोब त्यांनी धरला नव्हता. मशीन बंद पडल्यावर म्हातारा माणूस घाबरतो आणि घाबरल्यावर त्याला धाप लागते, मग घरचे सिलिंडरची चावी वाढवतात. त्यांनी चार स्क्रू आवळले, मशीन उचललं, टेबलाखालचा खिडकीवाला गार्ड उपटून काखेत मारला आणि बाळच्या पुढे चालत सुटल्या. शिवणवाली म्हणते, त्या गुडघ्यांनी काकू तशा चालल्या यावर तिचा अजून विश्वास बसत नाही.

मास्तरांचे ओठ काळेनिळे पडले होते. मशीन काकूंच्या गार्डवर सुरू झालं, नळी नाकाला लागली, तरी वीस मिनिटं त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. काकू पलंगाशी उभ्या होत्या. मग मास्तरांनी डोळे उघडले, त्यांना ओळखलं आणि मशीनकडे बोट केलं.

"डाख कोरडा नाही ना?"

काकूंनी मशीनवर तळहात टेकवला.

"नाही, मास्तर."

मास्तर त्यानंतर चार महिने जगले. काकू रोज संध्याकाळी जायच्या, त्यांच्या पायाशी बसायच्या, बाळशी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी मुद्दाम दवडलेल्या सव्वा तासाविषयी त्यांनी मास्तरांना कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्या रिकामी इस्त्री हातात धरत नसत; काम झालं की आधी प्लग काढायच्या.

बाळला मात्र त्यांनी सोडलं नाही. मास्तर गेल्यावर त्यांनी आपला खिडकीवाला गार्ड परत आणला, आणि महिन्याने त्या दुकानात शिरल्या आणि कापलेला एक गार्ड काउंटरवर मधोमध ठेवला, पोकळी गिऱ्हाइकाकडे करून.

"हा इथून हलायचा नाही."

"किती दिवस, ताई?"

"मी आहे तोवर."

मग दर शनिवारी त्या दुकानावरून जायच्या. आत जायच्या नाहीत. उन्हाला आडवा हात धरून काचेतून बघायच्या आणि पुढे भाजीला जायच्या. असं नऊ वर्षं चाललं. बाळ त्याच्यावरची धूळ रोज पुसायचा म्हणतात.

शेवटच्या शनिवारी काकूंना खुर्चीतून उठवेना. सकाळी टेबलाखाली डोकावून झालं होतं, चहा झाला होता, वरणाला फोडणी द्यायची राहिली होती. शिवणवाली पिशवी घेऊन बाहेर पडत होती, तिला त्यांनी आतूनच हाक मारली.

"जाता जाता बघून ये गं, आहे का काउंटरवर. आणि येताना मीठ आण."