आईनं घासलेली फिल्म

मी कॉलेजातून खोलीवर आलो, तेव्हा माझी फिल्म कपड्यांच्या दोरीवर वाळत होती. उन्हात चकाकत होती. दुसऱ्या दिवशी फायनल स्क्रीनिंग होतं आणि माझ्याकडे दुसरी फिल्म नव्हती.

हे काम जरा समजावून सांगायला हवं. मी करतो त्या सिनेमाला कॅमेरा लागत नाही, नटही लागत नाहीत. कोऱ्या, पारदर्शक फिल्मवर थेट काहीतरी उमटवायचं आणि ती प्रोजेक्टरवर चालवायची. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे साधारण वीतभर फिल्म. माझी आई आजऱ्याला काजूच्या कारखान्यात काजू फोडते. टरफलातल्या तेलानं तिची बोटं काळी पडली आहेत. सुट्टीत घरी गेलो तेव्हा माझ्या हट्टापायी तेच तेल लावून तिनं पूर्ण फिल्मभर अंगठे उमटवले होते. दीड मिनिटाची फिल्म.

स्क्रीनिंग बघायला ती उचगावला माझ्या खोलीवर आली होती.

"आई, हे काय केलंस?"

"धुतली. साबणानं निघंना, मग भांड्याची पावडर अन् काथ्या घेतला."

"त्यात तुझे अंगठे होते गं!"

"हायत की आत. वरचा मळ काढला नुसता. एवढ्या मोठ्या सरास्नी असलं काळं दावायचं व्हय?"

मला रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडक्या लावल्या. प्रोजेक्टर घरघरू लागला. फिल्म तुटेल या भीतीनं मी रिळाजवळ हात धरून उभा होतो. पडद्यावर आधी तपकिरी धुकं आलं. मग त्यात उजेडाच्या बारीक, वाकड्या रेषा हलू लागल्या. सगळ्या एकदम झुकायच्या, पुन्हा उभ्या राहायच्या, वाऱ्यात भाताचं शेत डुलावं तशा. मधेच एखादा अर्धा अंगठा वर यायचा आणि बुडायचा. आपण कुठे उभे आहोत, हेच मी विसरलो.

दिवे लागले.

"या रेषा कशा काढल्यास?" सरांनी विचारलं.

एक मोठं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मी नाही, सर. आईनं फिल्म घासली."

मागच्या बाकावरची आई घाबरून उठली. "चुकलं सर माझं. पोराला नापास करू नगासा."

"नापास कशाला, मावशी?" सर हसले. मग माझ्याकडे वळले. "पण यात ह्यांचं नाव कुठाय?"

नाव घातलं. पास झालो.

नंतर मी तोच काथ्या घेऊन दुसरी फिल्म घासली. सगळ्या रेषा सरळ आल्या, अगदी निर्जीव. आईचा हात घासताना गोल फिरतो, तवा घासल्यासारखा. ते मला अजून जमलेलं नाही.