मेहुण्याचा सदरा

चेअरमनसाहेब आमच्या छापखान्याच्या पुढच्या खोलीत, दोरीवर वाळत घातलेली गॅली वाचत उभे होते. पाने पाडण्यापूर्वी मजकुराचा जो लांबलचक कच्चा छाप काढतात, त्याला आम्ही गॅली म्हणतो. ते आले होते आपल्या साखर कारखान्याच्या अहवालाची प्रुफे पाहायला. समोर आली बनसोडे सरांची कादंबरी. लेखकाचे नाव वर होतेच.

नगरच्या या छापखान्यात पुस्तकांचे संपादन माझ्याकडे होते. बनसोडे सर चेअरमनसाहेबांच्याच संस्थेच्या शाळेत शिक्षक. ऊसतोडीचा मुकादम रंभाजी कारखान्याचा सर्वेसर्वा होतो, ही त्यांची कथा. पहिल्या खर्ड्यात 'त्याची सत्ता हळूहळू वाढली' अशी वाक्ये जागोजागी होती. मी ती खोडली आणि सुचवले, की सत्ता सांगू नका, अंगावर दिसू द्या.

सरांनी ते मनापासून केले. पहिल्या सभेला रंभाजी मेहुण्याचा सदरा घालून जातो. बाह्या लांब, म्हणून दुमडलेल्या. पुढे स्वतःची खादी येते. मग कांजीची कडक खादी, जिची सळसळ ऐकून माणसे बोलणे थांबवतात. अखेरीस कॉलर इतकी ताठ होते, की मान वळत नाही. बोलणाऱ्यालाच समोर येऊन उभे राहावे लागते. मी खूश झालो होतो.

चेअरमनसाहेब शांतपणे म्हणाले, "मतं फिरवली, माणसं फोडली, ते ऱ्हाऊ द्या. राजकारणात हुतं तसं. पर तो उसना सदरा काढा. आमच्या घरातली गोष्ट हाय ती."

मी सरांना निरोप दिला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, शाळा घराजवळ होती. नाही म्हटले तर बदली होणार आणि तिचा अर्थ काय, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

"तो सदरा माझा आहे, साहेब," ते मला म्हणाले. "या नोकरीच्या मुलाखतीला मी मेहुण्याचाच घालून गेलो होतो. बाकी म्हणाल ते काढतो."

मी कारखान्यावर जाऊन चेअरमनसाहेबांना खरे ते सांगितले. वाटले, ऐकून हसतील.

"मास्तरचा हुता, तर त्यानं सोताच्या अंगावर ठेवायचा. माझ्या अंगावर कशाला घातला?"

त्यांनी मान वळवली नव्हती. टेबलाला वळसा घालून मीच समोर जाऊन उभा राहिलो होतो, हे मला बाहेर पडल्यावर उमगले.

जूनमध्ये सरांची बदली पाथर्डीकडच्या एका शाळेत झाली. आईला नेता आले नाही. पुस्तक निघाले, सदऱ्यासह. अहवालही निघाला.

गॅल्या आता आतल्या खोलीत वाळतात. आणि पात्राच्या अंगावर कपडे चढवायला सांगण्यापूर्वी, लेखकाची नोकरी कोणाच्या हाती आहे, ते मी विचारून घेतो.