सदाभाऊजी आणि अल ऐनमधली जपानी चूल

सदाभाऊजी भांडता भांडता गेले. ताईचा अल ऐनहून फोन आला तेव्हा मी इकडे माझ्या गावात, रोल्लाच्या बाजारातून भाजी घेऊन नुकती घरात शिरत होते. "नीला, हे गेले गं... त्या माणसाच्या अंगावर धावून गेले आणि तिथेच कोसळले." खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "आणि तो माणूस?" "त्याला काही झालं नाही," ताई म्हणाली, आणि मग आम्ही दोघी रडलो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी बाकीचं बोलू द्या. माझ्या बहिणीचा हा नवरा म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. आमटीत मीठ कमी पडलं की पातेलं भिंतीवर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ताई इथे आखातात, अल ऐनला आली, तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघरातली एक भिंत कायम पिवळी. एकदा भाचा, चिन्मय, गणिताच्या वहीत चित्रं काढत बसला म्हणून त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की पोराला संध्याकाळपर्यंत त्या कानाने ऐकू येईना. मी तावातावाने म्हटलं, "भाऊजी, पुन्हा हात उगारलात तर मी पोलिसांत जाईन." "यल्ला, जा की!" म्हणाले. माफी हा शब्द त्या माणसाच्या तोंडात कधी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी खजुराचा डबा आणून निमूट ओट्यावर ठेवला, एवढंच.

पण हाच माणूस एका चुलीपुढे बसला की गोगलगाय व्हायचा. भाऊजी सिव्हिल इंजिनिअर. त्यांच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, जुन्या घरांचं वेड. त्या म्हाताऱ्याने जपानमधल्या एका शेतकऱ्याचं शे-दीडशे वर्षांचं घर विकत घेतलं, त्याचे लाकडी सांधे सोडवले, कंटेनरमधून आणलं आणि अल ऐनला आपल्या खजुराच्या बागेत म्युझियम म्हणून उभं केलं. एकही खिळा नाही. वर गवताचं हे एवढं जाड छप्पर. आमच्या कोरड्या उन्हात तुळया तडकायच्या तेव्हा बंदूक झाडल्यासारखा आवाज व्हायचा, बघायला आलेली माणसं ओरडत बाहेर पळायची. उन्हाळ्यात वादळ आलं की वाळू छपराला ओरबाडून काढायची, आणि भाऊजी दोरखंड घेऊन वर चढलेले! शिव्या वाऱ्याला द्यायचे, आणि मराठीत द्यायचे.

त्या घराच्या मधोमध जमिनीतच खोदलेली चौकोनी चूल होती. घर जोडायला आलेल्या जपानी सुताराने भाऊजींना खुणांनी शिकवलं, ही रोज पेटली पाहिजे. धूर वर चढतो, म्हणून लाकडाला कीड लागत नाही आणि छप्पर टिकतं. संध्याकाळी विस्तवावर पाणी मारायचं नाही, राखेखाली झाकून ठेवायचा, सकाळी फुंकून पुन्हा जागा करायचा. भाऊजी त्याचे खांदे धरून खदाखदा हसले म्हणे. चिपळूणकडच्या त्यांच्या गावी त्यांची आई हेच करायची. चुलीवर पाणी ओतलं की घर बुडतं, असं म्हणायची. तेव्हापासून ती चूल त्यांची. पोराला दुलई पांघरावी तशी राख ओढायचे विस्तवावर. चिन्मय ते बघायचा आणि मला म्हणायचा, "मावशी, ही लव्ह्ज दॅट हाउस मोअर दॅन अस."

मग एक नवा मॅनेजर आला. आपल्याकडचाच, शिकलेला, सेफ्टीचा कोर्स केलेला. गवताच्या छपराखाली उघडा विस्तव बघून तो घाबरला, आणि त्याचं घाबरणं काही चूक नव्हतं. एका सकाळी त्याने बादलीभर पाणी चुलीत ओतलं. वाफ आणि गरम राख भसकन उडाली. भाऊजी शेजारीच होते. त्यांनी चुलीतला लांब लोखंडी चिमटा उचलला आणि त्याच्या हातावर घातला. मनगट मोडलं तरी थांबले नाहीत, खाली पडला तरी मारत राहिले. तीन माळी मिळून त्यांना ओढत होते. त्या माणसाचं मनगट पुढे कधी धड वळलं नाही. त्यालाही बायकामुलं होती, हे मी भाऊजींना शेवटपर्यंत ऐकवत आले.

भाऊजी कोठडीत. इकडे ताईचा जीव टांगणीला... व्हिसा कॅन्सल झाला तर चिन्मयची शाळा, घर, सगळं खलास. अखेर अरबाब स्वतः गेला आणि हिंदीत म्हणाला, "माफी माँगेगा तो केस छूटेगा, इन्शाल्ला." ताईने गजांतून हात जोडले. भाऊजी म्हणाले, "हाथ का माफी माँगेगा. पानी का माफी वो माँगे." मी तिथेच उभी होते. वाटलं, आता याला मीच मारते. अरबाब मात्र हसत सुटला. आयुष्यातली ती त्यांची एकुलती एक माफी, तीही अर्धीच. तेवढ्यावर केस मिटली, मॅनेजर दुसरीकडे गेला आणि चूल पुन्हा पेटली.

आणि आता, या शेवटच्या भांडणाच्या वेळी, नवीन साहेबांनी चुलीत ठेवायला विजेवरचा विस्तव आणला होता, लाल दिवे लुकलुकणारा. भाऊजींनी तो दगडावर आपटला, आणणाऱ्याची गचांडी धरली, आणि शिवी अर्धी तोंडात असतानाच गेले.

अस्थी गोळा करायला आम्ही स्मशानात गेलो तेव्हा राखेत अजून निखारे होते. तिथला माणूस बादली घेऊन आला. "ठंडा करना पड़ेगा," म्हणाला. काही कळायच्या आत चिन्मयने त्याचं मनगट पकडून असं पिळलं, की तो बिचारा गुडघ्यावर आला. "नो वॉटर!" चिन्मय ओरडला. मानेवरची शीर ताठ, डोळे लाल... भाऊजीच! "सोड, मोडेल त्याचा हात!" ताई किंचाळली. त्याने सोडला. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला आणि मग हमसून हमसून रडला, त्या माणसाला हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला. बापाला न जमलेला शब्द. राख आपली आपण निवेपर्यंत आम्ही उन्हात बसून राहिलो.

आता दर शुक्रवारी चिन्मय त्या घरात जातो. अरबाबने चूल चालू ठेवली आहे. संध्याकाळी विस्तवावर राख ओढायचं काम चिन्मय करतो, लाकडी फळीने. चिमटा तिथे नाही. ताईने तो जुन्या साडीत गुंडाळून माझ्याकडे आणून दिला. माझ्या स्वयंपाकघरात दाराआड ठेवलाय. कितीही घासला तरी धुराचा वास जात नाही.

"बापाची चूल राहू दे त्याच्याकडे," ताई म्हणाली, "हे तेवढं त्याच्या हातात नको गं."