थोरल्या मावशीचं बेट

थोरली मावशी नक्की काय काम करते, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. माझी आई पाहुण्यांना सांगायची, "ती विमानांचं बघते." मग पाहुणे खिडकीची जागा मिळवून देता येईल का विचारायचे आणि मावशी शांतपणे नाही म्हणायची.

काम असं होतं. दोन इंजिनांचं विमान समुद्र ओलांडायला निघालं आणि मध्येच एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात गाठता येईल असा एखादा विमानतळ सतत आवाक्यात असावा लागतो. तो कोणता, हे विमान निघण्याआधीच जमिनीवर बसून कुणीतरी ठरवतं. ते कुणीतरी म्हणजे मावशी. तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगकडे बघणाऱ्या खोलीत ती बसायची. समोर दोन स्क्रीन, बाजूला फोन, आणि एसीचा झोत थेट मानेवर येतो म्हणून खुर्चीच्या पाठीवर कायमची टाकलेली शाल. जिथे कुणालाच जायचं नाही अशा जागा ती दिवसभर काळजीपूर्वक निवडायची. धावपट्टी पुरेशी लांब आहे का, त्या वेळेला हवा कशी असेल, आगीचा बंब चालू आहे का. सगळं उत्तम जमलं की त्याचा काही म्हणजे काही उपयोग व्हायचा नाही. विमानं सरळ निघून जायची.

हे तिच्या अंगात भिनलं होतं. आईच्या लग्नात तिने आणखी एक हॉल धरून ठेवला होता. पहिल्या हॉलला काहीच झालं नाही, तरी मधूनमधून ती दुसऱ्या हॉलवर फोन करून तिथलं ठीक आहे ना, याची चौकशी करत होती. काकांनी तिला लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "हो. पण तुमचा विचार बदलला तर जरा लवकर सांगा." काकांचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वभाव सोशिक होता. त्यांना त्या वाक्यात प्रेम दिसलं. त्यांचा संसार चांगला झाला.

मावशीच्या यादीतल्या जागांमध्ये एक बेट होतं. महासागराच्या मधोमध, चहूकडे पाणी. कुठल्याशा जुन्या युद्धात लष्कराने तिथे भली मोठी धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, लष्कर गेलं, धावपट्टी राहिली. आठवड्यातून एक छोटं विमान यायचं, बाकी शुकशुकाट. हवेची माहिती मावशीला स्क्रीनवर मिळायची, पण तिथला बंब सुरू होतोय की नाही हे काही स्क्रीन सांगत नसे. ते फोन करूनच विचारावं लागायचं. पलीकडे टॉवरवरचा एकच माणूस असायचा. ऑफिसात सगळे त्याला 'बेटवाले' म्हणायचे. त्याचा आवाज जाडाभरडा. मावशी विचारायची, तो सांगायचा. अशी कित्येक वर्षं गेली. दोघांनी एकमेकांना कधी जेवलात का, एवढंही विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी समुद्रावरच्या एका विमानाकडून निरोप आला. उजव्या इंजिनाचं तेल कमी होतंय, इंजिन बंद करतोय, बेटाकडे वळतोय.

मावशीच्या शेजारी बसणारे सहकारी सांगतात, ती उठली नाही, ओरडली नाही. तिने शाल अंगावर घेतली आणि फोन लावला.

"तुमच्याकडे एक विमान येतंय," ती म्हणाली.

"सराव का?" बेटवाल्यांनी विचारलं.

"नाही. खरंच येतंय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग प्रश्न आला, "माणसं किती?"

"तीनशेच्या वर."

"बेटावर आम्ही सगळे मिळूनसुद्धा तेवढे नाही," बेटवाले म्हणाले, आणि बंब काढायला सांगतो म्हणून फोन ठेवला.

विमान व्यवस्थित उतरलं. वारा सांगितला होता तसाच होता, बंब बाजूने धावला, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. ऑफिसात टाळ्या वाजल्या. पुन्हा फोन वाजला. बेटवाले म्हणाले की विमान छान आहे, पण दार फार उंचावर आहे. बेटावरची शिडी आठवड्याच्या छोट्या विमानापुरती होती. ती लावून बघितली तर दार अजून पुरुषभर वर राहिलं. विमानाची आणीबाणीची घसरगुंडी उघडावी तर म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हातपाय मोडायचे, म्हणून कॅप्टन तयार नव्हते. त्यामुळे तीनशेच्या वर माणसं, सुखरूप वाचलेली, विमानातच बसून राहिली. पाणी संपलं. आधी सगळ्यांनी देवाचे आभार मानले होते, आता कंपनीला नावं ठेवायला सुरुवात झाली.

शेवटी बंब चालवणाऱ्याने मार्ग काढला. तो एरवी सुतारकाम करायचा. होड्या पाण्याबाहेर ओढायचा गाडा त्याने आणवला, त्यावर शिडी चढवली, खाली फळ्या ठोकल्या, चारही बाजूंनी दोर आवळले. कॅप्टन स्वतः एकदा उतरून परत वर चढले आणि मग माणसं खाली यायला लागली. एक आजीबाई मध्येच थांबून म्हणाल्या, जिना हलतोय. सुतार खालून म्हणाला, "हलू दे. पडत नाहीये." आजीबाईंना ते पटलं. रात्रीपुरती सगळी माणसं घराघरांत वाटून घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी दुसरं विमान येऊन त्यांना घेऊन गेलं.

चौकशी झाली, कारण ती होतेच. चौकशी अधिकाऱ्यांनी मावशीला सांगितलं की निवड अगदी योग्य होती, तिची काही चूक नाही.

"शिडीचं मी कधी विचारलं नव्हतं," मावशी म्हणाली.

"नियमात शिडी येत नाही."

"नियमाला कुठे खाली उतरायचं असतं?"

अधिकारी हसले. मावशी विनोद करत नव्हती. तिला शिक्षा झाली असती तर ती दोन दिवस रडून मोकळी झाली असती. निर्दोष सुटल्यामुळे तिला काय करावं ते कळेना. तिची झोप उडाली. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. काका बिचारे पाणी पिऊन पिऊन जेवायचे. एक दिवस तिने जाहीर केलं की सुट्टी काढून बेटावर जायचंय. काकांना समुद्रकिनारा म्हणजे छत्री, आरामखुर्ची आणि डुलकी एवढंच ठाऊक होतं. तिथे पोहण्यासारखं काही आहे का, त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "धावपट्टी आहे."

छोट्या विमानातल्या त्या प्रवासाविषयी काका आजही बोलत नाहीत. बेटवाले घ्यायला आले होते. आवाजावरून मावशीने त्यांना पोक्त, पोट सुटलेले गृहस्थ समजून ठेवलं होतं. निघाला किडकिडीत, तिच्याहून लहान माणूस. त्यांनीही बहुधा कुणी उंच बाई डोळ्यांसमोर आणली असावी, कारण आधी ते काकांच्या मागे बघत राहिले. हात मिळवून झाले. मग बेटवाल्यांनी सवयीने वारा कुठून आहे ते सांगितलं आणि मावशीने सवयीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिघं धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेली. काँक्रीटच्या सांध्यांतून गवत उगवलं होतं. मावशी वाकून ते बघत राहिली. तिने विचार करून ठेवल्याप्रमाणे शिडीबद्दल माफी मागितली. बेटवाल्यांना आधी कळेचना की कशाबद्दल चाललंय.

"एक सांगू?" ते म्हणाले. "एवढी वर्षं तुम्ही विचारता, मी सांगतो, आणि येत कुणीच नाही. बंबवाला मला विचारायचा, आपण हे कुणासाठी करतो? मला सांगता यायचं नाही."

"कुणाला यावं लागू नये, म्हणूनच तर करायचं," मावशी म्हणाली.

"ते कळतं हो. पण ती माणसं आली तेव्हा बरं वाटलं. आमच्या घरी आठजण होते. आईने अजून त्यांच्या चादरी उचलू दिल्या नाहीत."

काका म्हणतात, मावशीने नाक पुसलं, पण वारा होता, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. त्या रात्री मात्र ती उजाडेपर्यंत गाढ झोपली.

परत आल्यावर ती कामावर रुजू झाली. आता ती प्रत्येक विमानतळाला शिडीची उंची विचारते. पलीकडची माणसं वैतागतात, तरी मोजून सांगतात. पहिल्याच सोमवारी तिने बेटावर फोन लावला.

"आज तुम्हाला यादीत घेत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे धुकं आहे."

"आहे खरं," बेटवाले म्हणाले. मग ते पुढे म्हणाले, "दुपारी निवळेल पण."

"विमान त्याआधीचं आहे."

"बरं," ते म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "जेवलात का?"